शारदेला विचारले कोणी?

(नभोवाणीवरील भाषण)



गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ हे नाटक रंगभूमीवर पाहिलेले नाही, असे मराठी लोक आज पुष्कळ सापडतील. परंतु त्यातले एखादेही पद ज्याच्या कानांवरून गेले नाही, असा माणूस विरळा. १८९९ साली हे नाटक रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या नवरदेवाची थट्टा करणारी त्यातली पदे आमच्या आजोबांच्या पिढीने लग्नघरांतून म्हटली, आणि ती म्हणताना आपण कुणाच्या दुःखावर हसत आहोत, हे पुष्कळदा त्यांच्या ध्यानातही राहिले नसेल. अभिजात साहित्याचे हे एक दुर्दैव असते. ते इतके परिचयाचे होते की मग ते कोणी वाचीत नाही.

मीही ते वाचीत नव्हतो. वडगावातल्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. ‘अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न मी गेली वीस वर्षे मुलांना घालीत आलो आहे आणि ‘लोभी’, ‘भोळा’, ‘कपटी’, ‘सोशिक’ अशी विशेषणे मोजून गुण देत आलो आहे. दोन वर्षांमागे स्नेहसंमेलनासाठी ‘शारदे’तले चार प्रवेश बसवावे असे ठरले. तालीम शाळा सुटल्यावर, मागल्या वर्गात. आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत अजून काही माग चालतात. त्यांच्या खटखटाटात मुलींचे शब्द नीट ऐकू येत नसत, म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागत. लग्नाच्या प्रवेशाची तालीम संपली. ऐन मुहूर्तावर कोदंड पुढे येतो, वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. सगळ्या मुलांनी टाळ्या पिटल्या. वल्लरीचे काम करणारी एक विणकराघरची मुलगी तेवढी गप्प होती. ती म्हणाली, “सर, गोत्र वेगळं असतं तर लगीन लागलंच असतं की ओ?”

मी म्हणालो, “हो, लागलंच असतं.” आणि माझ्याच उत्तराने मी थबकलो. त्या मुलीच्या प्रश्नाने हे नाटक मला पुन्हा पहिल्या अंकापासून वाचायला लावले. आज तुमच्यापुढे जे मांडणार आहे, ते त्या वाचनातून आलेले आहे.

देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे. तरुणपणी काही काळ ते बेळगावात शिक्षक होते, आणि ज्यांना ते गुरुस्थानी मानीत ते अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आमच्या वडगावाला लागून असलेले शहापूर त्या काळी सांगली संस्थानात मोडत असे. तेव्हा देवल आम्हांला काही दूरचे नव्हेत. त्यांची नाटके सात. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या कादंबरीवरून, ‘झुंजारराव’ शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून. ‘दुर्गा’ आणि ‘संशयकल्लोळ’ यांचाही उगम बाहेरचाच. सर्वस्वी स्वतःचे असे त्यांनी एकच लिहिले, ते ‘शारदा’. दुसऱ्यांच्या कथा आयुष्यभर मराठीत आणणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने एकदाच लिहायला घेतले, तेव्हा राजा, गंधर्व, अप्सरा हे सारे बाजूला ठेवून एका लोभी बापाच्या घरातली मुलगी निवडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. भुजंगनाथ हा पंचाहत्तरीला टेकलेला धनिक विधुर. त्याला पुन्हा लग्न करावयाचे आहे. भद्रेश्वर दीक्षित हा त्याचा मध्यस्थ. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी शारदा त्याला द्यायला तयार होतो. आई इंदिराकाकू विरोध करते. कोदंड नावाचा सुधारक वृत्तीचा तरुण हे लग्न थांबवू पाहतो आणि शेवटी सगोत्रतेच्या आधारे ते थांबवतो. परंतु भर मांडवात लग्न मोडलेली शारदा आता ना कुमारिका, ना विवाहिता. ती जीव द्यायला नदीवर जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या अनुज्ञेने दोघांचा विवाह होतो.

आता पात्रांकडे पाहा. भुजंगनाथाला प्रेक्षक हसतात, आणि देवलांनी तशी सोयच करून ठेवली आहे. त्याचे वय, त्याची नटण्याची हौस, तरुण दिसण्याची धडपड, हे सारे हास्यकारक आहे. परंतु मला वाटते, या हशाने एक घोटाळा केला. सगळे हसू भुजंगनाथावर खर्ची पडले आणि कांचनभट त्यातून सुटून गेला. विकत घेणारा एकटा कधी नसतो. विकणारा असावा लागतो. कांचनभट हा काही राक्षस नव्हे. त्याच्या नावातच सोने आहे, म्हणून मुले ‘लोभी’ असा एक शब्द लिहून पुढे जातात. पण त्याच्या मनाशी क्षणभर बसून पाहा. मुलगी श्रीमंताघरी पडेल, दागिन्यांनी मढेल, आपलेही दैन्य फिटेल, वर बापाचे कर्तव्यही पार पडेल, असा त्याचा हिशेब आहे. त्याला तो हिशेब पापाचा वाटत नाही. कन्यादानाचा शब्द तोंडात ठेवून तो कन्येचा सौदा करतो, आणि शब्द शुद्ध राहिला म्हणजे व्यवहारही शुद्ध राहिला असे त्याला खरोखरच वाटते. भुजंगनाथासारखे नवरदेव काळाबरोबर गेले. कांचनभट मात्र गेला असे मला म्हणवत नाही. पैशाची दिशा तेवढी फिरली. पूर्वी वराकडून बापाकडे येई, पुढे बापाकडून वराकडे जाऊ लागला. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी तो जायचा काही थांबला नाही. हिशेब करणारा माणूस दोन्ही वेळा तोच.

आणि शारदा? ती बोलत नाही असे मुळीच नव्हे. ती आपल्या पदांतून बोलते, आपली भीती सांगते, यापेक्षा मरण बरे असेही म्हणते. ही पदे लोकांनी पाठ केली. बालगंधर्वांनी शारदेची भूमिका केली, तेव्हा तर प्रेक्षक तिच्या दुःखाने विव्हळ होत. पण गंमत म्हणा की क्रूरता म्हणा, तिचे गाणे खुर्च्यांवर बसलेल्या आपल्याला ऐकू येते; ज्यांच्या हाती तिचे लग्न लावणे अथवा मोडणे आहे, त्यांच्यापैकी एकाच्याही कानी ते पोहोचत नाही. तिचा नकार नाटकात आहे, फक्त त्याला किंमत नाही. किंमत आहे ती गोत्राला. बाप ज्याला वाकत नाही, समाज ज्याला वाकत नाही, ते सगळे मांडवात एका क्षणात थांबते, कारण शास्त्राचाच एक नियम आडवा येतो. मुलीचे अश्रू थांबवू शकले नाहीत, ते एका ऋषीच्या नावाने थांबवले.

येथे कोणी म्हणेल, देवलांनी पळवाट काढली. मला तसे वाटत नाही. १८९९ साली कोदंडाच्या हाती दुसरे काय होते? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली होती खरी, आणि तेवढ्यावरूनही केवढे वादळ उठले होते. पण तो कायदा विवाहाच्या वयाचा नव्हता. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची अट आली ती १९२९ साली, हरबिलास सारडा यांच्या कायद्याने. (त्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात म्हणून तो या नाटकावरून आला असे पुष्कळांना वाटते, माझ्या एका सहकाऱ्याने तसे परीक्षेच्या उत्तरात बरोबर धरून गुणही दिले होते.) म्हणजे कोदंडाजवळ ना कायदा होता, ना लोकमत. त्याने शत्रूच्याच शस्त्रागारातले एक शस्त्र उचलले. देवलांना आपला प्रेक्षक पक्का ठाऊक होता. ‘मुलगी नको म्हणते’ एवढ्या कारणावरून लग्न मोडलेले त्या प्रेक्षकाला मानवले नसते. ‘सगोत्र आहे’ म्हटल्यावर तो निमूटपणे मान डोलावील, हे त्यांनी ओळखले. आणि पुढला विनोद इतिहासाने केला. १९४६ साली कायद्याने सगोत्र विवाहाची अडचणच काढून टाकली. ज्या नियमाने शारदेला वाचवले, तो नियमच गेला.

हे केवळ आपल्याकडचे नव्हे. आमच्या आधी सात वर्षे, १८९२ साली, विजयनगरम येथे गुरजाड अप्पाराव यांचे ‘कन्याशुल्कम्’ हे तेलुगू नाटक रंगभूमीवर आले. तेथेही विषय तोच. अग्निहोत्रावधानी हा बाप आपल्या लहान मुलीला, सुब्बीला, लुब्धावधानी नावाच्या म्हाताऱ्याला पैसे घेऊन द्यायला निघतो. आई संतापाने विहिरीत उडी घेते. मग मुलीचा मामा एका शिष्याला मुलीचा वेष देऊन त्या म्हाताऱ्याशी त्याचेच लग्न लावून देतो. प्रेक्षक हसून हसून लोळतो. पण ज्या सुब्बीसाठी हा सारा खटाटोप, तिला स्वतः बोलायला फारसे काही ठेवलेलेच नाही.

आणखी मागे जा. मोलिएरचा ‘कृपण’, साल १६६८. हारपागाँ आपली मुलगी एलिझ हिला उतारवयाच्या आन्सेल्मला देऊ पाहतो, कारण तो हुंडा मागत नाही. या बापाला कोणी काहीही आक्षेप सांगा, वयाचे अंतर सांगा, मुलीचे मन सांगा, त्याचे उत्तर एकच, की हुंडा लागत नाही. येथे मुलगी तोंडावर साफ नकार देते. बाप काय करतो? ती जशी लवून नमस्कार करते, तसाच लवून तिची नक्कल करतो. तिचा ‘नाही’ त्याच्या लेखी चेष्टेचा विषय. मग तेही लग्न कशाने टळते? आन्सेल्म हा एलिझच्या प्रियकराचा हरवलेला पिता निघतो म्हणून. म्हणजे पुन्हा नातेच! कोठे गोत्र, कोठे वेषांतर, कोठे हरवलेला बाप. तीन देश नव्हेत, तीन समाज म्हणू. तीन थोर नाटककार. आणि मुलीचा नकार हे लग्न न होण्याचे पुरेसे कारण आहे असे तिघांपैकी एकाच्याही कथानकाला म्हणता आले नाही. म्हणूनच त्या विणकराच्या मुलीच्या प्रश्नाला मी मान देतो. टीकाकारांनी गोत्राच्या युक्तीला ‘नाट्यमय कलाटणी’ म्हटले आणि ते पुढे गेले. कलाटणी नसती तर काय, हे विचारायला एक चौदा वर्षांची पोर लागली.

आता एक गोष्ट मला संकोचाने सांगावयाची आहे. मी ख्रिस्ती आहे, कॅथलिक. हिंदू विवाहाच्या गोत्र-कन्यादानाविषयी बाहेरच्या माणसाने शहाणपण सांगावे, हे बरे नव्हे. म्हणून आमच्या घरात येतो.

आमच्या लग्नविधीत धर्मगुरू वधूला आणि वराला जाहीरपणे विचारतात, की तू कोणाच्या जबरदस्तीवाचून, स्वखुशीने आली आहेस का? ही प्रथा आजची नव्हे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियमच केला, की लग्नाची घोषणा आधी तीनदा देवळात व्हावी, कोणाला अडथळा ठाऊक असेल त्याने सांगावा, आणि धर्मगुरूने साक्षीदारांसमोर दोघांची संमती विचारावी. म्हणजे पाहा, आमच्याकडे कोदंडासाठी तीन रविवार राखून ठेवलेले आहेत! आणि शारदेसाठी एक प्रश्न. शाळकरी वयात मला याचा मोठा अभिमान वाटे. ‘शारदा’ प्रथम वाचली तेव्हा, आमच्यात असे घडणे शक्य नाही, असे मी मनात म्हटलेलेही आठवते.

मी नववीत होतो, तेव्हा माझ्या आक्काचे लग्न झाले. ती वीस वर्षांची होती. मुलगा आखातात नोकरीला, वय तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी अधिक. म्हातारा नव्हे, वाईटही नव्हे. आमच्या डोक्यावर घराचे कर्ज होते, आणि स्थळाने काही मागितले नव्हते. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढेच सांगत, की काही मागितले नाही. हारपागाँ मला पुढे बऱ्याच वर्षांनी भेटला, पण त्याचे वाक्य मी घरी आधीच ऐकले होते. फादरांनी प्रश्न विचारला. आक्काने ‘हो’ म्हटले. पहिल्या बाकावर मी होतो, मलाही ते जेमतेम ऐकू आले. सगळे देऊळ भरलेले, बाहेर बँडवाले उभे, मटणाची पातेली चुलीवर चढलेली. कितीतरी वर्षांनी एकदा बोलता बोलता ती म्हणाली, “मला विचारलं ते एकट्या फादरांनी. आणि तेही सगळी मंडळी येऊन बसल्यावर.”

तिचा संसार चांगला झाला. मुले शिकली. मी येथे दुःखकथा सांगत नाही. परंतु त्या दिवसापासून ‘आमच्यात विचारतात’ हा माझा अभिमान जरा खाली बसला. शारदेच्या मांडवात प्रश्न नव्हता, आमच्या देवळात प्रश्न होता. उत्तर मात्र दोन्हीकडे आधीच ठरून आलेले होते.

या साऱ्यात एका पात्राकडे माझे अक्षम्य दुर्लक्ष झाले, ते इंदिराकाकूंकडे. स्वभावचित्राच्या प्रश्नात मी त्यांना कधी घेतलेच नव्हते. ‘प्रेमळ आई’ एवढे दोन शब्द पुरे, असे मला वाटे. पुन्हा वाचताना दिसले, की त्या घरात डोळे उघडे ठेवून वावरणारी प्रौढ व्यक्ती ही एकच. नवरा काय करतो आहे हे तिला कळते, ती त्याला ते सुनावते, आणि तरीही मांडव उभा राहतोच. ‘कन्याशुल्कम्’मधल्या आईला निदान एक भाऊ होता, इंदिराकाकूंच्या बाजूने उभा राहायला घरातले कोणी नाही. मुलगी तिची, पण द्यायचा अधिकार तिचा नव्हे. शारदेचे दुःख पदांत साठले आहे, ते कोणालाही गाता येते. इंदिराकाकूंचे दुःख गद्यात आहे, म्हणून ते विसरले गेले असावे. मला तर वाटते, देवलांच्या लेखणीची खरी पारख या पात्रात आहे. नायिका रडवणे कोणाही नाटककाराला जमते. जिचे खरे असूनही चालत नाही अशी बाई, तिला दुबळी न दाखवता उभी करणे अवघड.

आमचे संमेलन झाले. मुलांनी सुचवले होते, की मांडवात शारदेच्या तोंडी एक वाक्य नवे घालू या, तिनेच उठून ‘नाही’ म्हणू दे. बराच वाद झाला. मी ते घालू दिले नाही. देवलांनी जे लिहिले नाही ते त्यांच्या नावावर खपवणे योग्य नव्हे, असे मी सांगितले. ते मुलांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पूर्ण पटलेले नव्हते. मग आम्ही एवढेच केले, की गोत्र उघड झाल्यावर जो गलका होतो, त्यात शारदेला जागची हलवले नाही. सगळे एकमेकांशी भांडताहेत आणि ती अंतरपाटापलीकडे तशीच उभी, हातात हार. पुढल्या रांगेतले पालक आधी हसत होते, ते हळूहळू गप्प झाले.

आक्का कार्यक्रमाला आली होती. परत जाताना मंगाईच्या देवळापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “इंदिराकाकूचं काम केलेली पोर कुणाची रे?”

मी सांगितले. पुढे मला राहवले नाही. तिच्या लेकीला त्याच महिन्यात एक स्थळ सांगून आले होते, मुलगा चांगला, घर चांगले, सगळ्यांना पसंत. मी विचारले, “तू तिला विचारलंस का?”

“विचारलं. त्यांचं पत्र आलं त्याच रात्री, आम्ही दोघीच होतो तेव्हा. नको म्हणाली. सकाळी मी त्यांना तसा निरोप दिला.” थोडे पुढे गेल्यावर ती म्हणाली, “तुझे भावोजी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.”